दशमांश, मणका आणि माझी जाऊ

क्षय छातीला होतो एवढंच मला ठाऊक होतं. तो पाठीच्या मणक्यात जाऊन बसतो हे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं, तेही स्वतःच्याच मणक्यावरून. आता मी चालते. वाकता येत नाही, हातातून काही पडलं तर दुसऱ्यानं उचलून द्यावं लागतं, पण चालते. जे अजून छताकडे बघत पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते डॉक्टरांना सांगायचं नसतं आणि पाळकसाहेबांसमोर बोलायची लाज वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसऱ्याचा किती हेवा वाटू शकतो, आणि त्या हेव्यात देवालाही कसं ओढलं जातं, ते.

कळलं तो दिवस

मी एका खाजगी शाळेत शिक्षिका आहे. पाठ सहा महिने दुखत होती. दिवसभर उभं राहून दुखते असं मीच ठरवून टाकलं होतं. मलम चोळायचं, गरम पाण्याची पिशवी घ्यायची आणि सकाळी पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचं. संध्याकाळी कणकण यायची, तिला मी दमणूक म्हणायची. मग एक दिवस रंकाळ्याजवळ चालताना पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि मला कळलंच नाही. माझे यजमान मागून येत होते. ते म्हणाले, "अगं, चप्पल कुटं टाकलीस?" मी खाली बघितलं तर एक पाय अनवाणी.

एमआरआयची फिल्म उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "दोन मणके किडलेत. टीबी आहे. बरा होतो, घाबरू नका. पण तीन महिने उठायचं नाही. उठलात तर पायांची खात्री मी देत नाही."

यजमानांनी विचारलं, "उठायचं न्हाय म्हंजे, संडासला तरी?"

"तिथंही नाही."

अशा वेळी माणसाच्या मनात मरणाचा विचार येतो म्हणतात. माझ्या मनात आलं, पण मी तर दशमांश भरला होता.

हसू नका. पहिल्या पगारापासून सव्वीस वर्षं मी मिळकतीचा दहावा हिस्सा पाकिटात घालून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दिला होता. एक महिना चुकवला नव्हता. त्याशिवाय आमच्या मंडळीत बायकांची एक रीत आहे, मूठ घालायची. भात शिजत घालायच्या आधी मूठभर तांदूळ देवाच्या डब्यात टाकायचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांचे डबे एका पोत्यात रिकामे होतात आणि ते पोतं ज्या घरात आजार किंवा अडचण असेल तिथं जातं. कुणाच्या घरी जायचं ती यादी अकरा वर्षं मी ठेवत होते.

खरं सांगायचं तर हे सगळं मी विम्याच्या हप्त्यासारखं भरत आले होते. तसं बोलत नव्हते, बोलताना कृतज्ञता म्हणायची. पण हप्ता नियमित असेल तर घरात आजार येता कामा नये, असं आत कुठेतरी पक्कं धरलं होतं.

त्या दिवशी दुसरा विचार आला तो एस्तेरचा.

एस्तेर

एस्तेर माझी धाकटी जाऊ. मलकापूरकडची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हापासून कितीतरी वर्षं ती देवळात फक्त नाताळाला आणि कुणाच्या लग्नाला दिसायची. चार वर्षांपूर्वी काय झालं कोण जाणे, दर रविवारी यायला लागली, द्यायला लागली. आणि लगेच तिच्या साक्षी सुरू झाल्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. माझ्या दिरांचं गॅरेज चाललं, पहिली साक्ष. कसबा बावड्याला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, दुसरी. तिसरी मी ऐकलीच नाही, गीतांच्या पुस्तकात तोंड घालून बसले होते.

आणि तिची पाठ! भरलेला सिलेंडर कमरेवर घेऊन ती दोन मजले चढते, वर जाऊन धापही लागत नाही. मला हेवा वाटायचा तो फ्लॅटचा. आजारी पडल्यावर फ्लॅट राहिला बाजूला, मला तिची पाठ हवी होती.

देवा, माझी सव्वीस वर्षं, हिची चार. तुला मोजता येत नाही का? इस्पितळातल्या खाटेवर मी हे असंच, याच शब्दांत विचारलं.

पडून राहणं

दहा दिवस इस्पितळात काढले. पहाटे सुई, सातला चहा, आठला फरशी पुसणाऱ्या मावशी, ज्यांना सगळ्यांचे आजार डॉक्टरांच्या आधी कळलेले असायचे. पहिल्यांदा गोळ्या घेतल्या तेव्हा लघवी केशरी झाली आणि मी किंचाळले. मावशी म्हणाल्या, "व्हय वो, तसंच हुतंय. गोळीचा रंग हाय, तुमचा न्हाय." कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. घाबरू नका.

घरी आल्यावर खरा प्रश्न आला. माझी मुलगी बेळगावला, आठवा महिना लागलेला, तिला प्रवास बंद. शेजारणी दारातूनच चौकशी करायच्या. मणक्याचा क्षय असा लागत नाही हे त्यांना कितीदा सांगितलं, तरी एकीनं आणलेल्या खिरीचं भांडं परत न्यायचं टाळलं. यजमानांनी रजा काढली. बारा दिवस त्यांनी माझं सगळं केलं. तेराव्या दिवशी शौचाचं भांडं उचलताना ते दारातच थांबले.

"एस्तेर यीन म्हणालीया सकाळची," ते म्हणाले.

"ती नको."

"मग कोण? सांग की. मी दमलोय सुनंदा. मलाबी रडू येतंय, पण कुटं बसून रडू?"

मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे मान वळवली, बाकीचं काही वळत नव्हतं.

एस्तेर यायला लागली. सकाळी सातला यायची, मला पुसून काढायची, केस विंचरायची, भाकरी करायची, अकराला तिच्या घरी जायची. ती वाकायची आणि उठायची, पुन्हा वाकायची आणि पुन्हा उठायची, आणि मी तिची पाठ बघत राहायची. मी तिच्या भाकरीला नावं ठेवली. तिनं फणी फिरवली की केस ओढतेस म्हणायची. ती म्हणायची, "ओढती व्हय? बरं, हळू करती," आणि खरंच हळू करायची. त्यानं तर माझा आणखीनच संताप व्हायचा.

जाण्यापूर्वी ती खाटेजवळ उभी राहून प्रार्थना करायची. मी डोळे मिटायची ते तिला बघायला नको म्हणून. माझ्या मनात एकच भीती असायची, आपण हिच्या प्रार्थनेनं बरं झालो तर? तर ही देवळात उभी राहणार, आणि हिच्या पुढच्या साक्षीचा विषय मी असणार! इतकं पाप सुचायला माणूस आजारीच असावा लागतो असं नाही. पण आजारपणात त्याला रिकामा वेळ फार मिळतो.

दिवसातून वीसदा मी पायाचा अंगठा हलवून बघायची. यजमानांना विचारायची, "हलतोय का बघा." ते म्हणायचे, "हलतोय." उजवा हलायचा. डाव्याचं ते थोडं थांबून सांगायचे.

शाळेचा पगार बंद झाला, मग पाकीटही बंद. त्याचं मला वाईट वाटलं नाही. एकदा भात लावताना यजमानांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "देवाच्या डब्यात मूठ घालू न्हवं?"

"नका घालू," मी ओरडले. "त्यानं आधी माझे पाय द्यावेत. मग बघू."

डब्याला झाकण लावल्याचा आवाज तेवढा आला. दिलेल्याच्या बदल्यात जो राखत नाही त्याच्यावर विसंबायचं कशाला, इथवर माझी मजल गेली होती. पाय जातील ही भीती होतीच. पण पाय गेले आणि देवही गेला तर उरलेलं आयुष्य कशाच्या आधारानं काढायचं, ही त्याहून मोठी होती.

पोतं माझ्या दारात

महिनाअखेरच्या रविवारी दुपारी मंडळीतल्या सहा-सात बायका घरी आल्या. "सलाम सुनंदाबाई," म्हणाल्या. मागून एस्तेर, तिच्या डोक्यावर पोतं. यादी आता तिच्याकडे होती.

मूठ माझ्याच घरी आली होती.

अकरा वर्षं मी अशा दारांत जाऊन उभी राहिले होते. चेहरा कसा ठेवायचा, पोतं आत नेताना घरच्या बाईकडे कसं बघायचं नाही, हे सगळं मी शिकून घेतलं होतं. आता त्या माझ्याकडे बघायचं तसंच टाळत होत्या. त्यांनी गीत म्हटलं, प्रार्थना केली, एस्तेरच्या हातचा चहा घेऊन गेल्या. जमीन दुभंगून आत जावं असं वाटत होतं, पण मला साधं कुशीवरही वळता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एस्तेरनं त्यातला भात लावला. पंधरा घरांचे तांदूळ एकत्र, त्यामुळे काही शितं गिचका होतात आणि काही कच्ची राहतात, हे मला माहीत होतं. पण वाफ आली तेव्हा मी मान उचलायला गेले. वास घनसाळाचा होता.

माझं माहेर आजऱ्याकडचं. माझा भाऊ दरवर्षी घरच्या घनसाळाचं एक पोतं पाठवतो. बारीक, आखूड दाण्याचा, शिजताना शेजारीपाजारी वास जावा असा तांदूळ. त्यातला थोडा मी एस्तेरला देते, आणि देताना किती महाग मिळतो तेही सांगते. आमच्या मंडळीत दुसऱ्या कुणाच्या घरात घनसाळ नाही.

"ह्यात घनसाळ कुणी घातला?" मी विचारलं.

ती खाटेखालची फरशी पुसत होती. "म्या."

"माझ्या भावाचा?"

"व्हय. तुमीच दिल्याला की आक्का."

"तुला खायला दिला होता तो!"

ती फडकं पिळत म्हणाली, "घरात सगळ्यात चांगला त्योच हाय. मग देवाला कंचा घालू?"

टोचून बोलली नाही. तिला टोचून बोलता येतच नाही. तिला खरोखरच दुसरा कुठला घालायचा हे सुचलं नव्हतं. ती बादली घेऊन मोरीत गेली आणि मी रागानं पडून राहिले. घाम माझ्या भावाचा, तांदूळ माझ्या माहेरचा, आणि देवाच्या दरबारी नाव एस्तेरचं!

राग दुपारपर्यंत टिकला. मग मला आठवायला लागलं की मी काय घालत होते. मी रेशनचा घालत होते. घरात खायला घनसाळ, शाळेच्या डब्याला कोलम, आणि देवाच्या डब्यात रेशनचा जाडा. कधी चुकूनसुद्धा वेगळा नाही. ज्याला मिळतो त्याला काय, पोट भरल्याशी कारण, असं मी मनाशी म्हणत आले होते. तो जाडा तांदूळ कुणाकुणाच्या ताटात गेला ती नावं मला पाठ होती, यादी माझीच होती. पाकिटात दहावा हिस्सा अचूक मोजणारी मी.

आजवर एस्तेरला मिळतं म्हणून मी जळत होते. त्या दुपारपासून ती देते तसं मला देता येत नाही म्हणून जळायला लागले. हे जळणं जास्त दुखलं.

एक गोष्ट

दुसऱ्या दिवशी तिनं प्रार्थनेला हात जोडले तेव्हा मी तिला थांबवलं. "आधी सांग. तू दिलंस, देवानं तुला फ्लॅट दिला. मी दिलं, मला हे दिलं. का?"

"मला काय ठावं?"

"तूच तर साक्ष देतेस उभी राहून."

"मिळालं त्याचं सांगती. मी दिलं म्हणून त्यानं दिलं, असं कवा म्हणलं मी?" ती खाटेच्या कडेला बसली. "न मिळाल्यालं सांगत बसले तर उपासना आटपायची न्हाय आक्का. सोळा वर्षं ल्योक माग न्हायतर ल्येक माग. न्हाय दिलं. आता वयबी सरलं. म्हणून डबा मोकळा ठिवू व्हय?"

एक गोष्ट मी इथपर्यंत लिहिली नाही, कारण त्या दिवसांत मी ती मोजतच नव्हते. एस्तेरला मूल नाही. ती रोज सकाळी माझ्या घरात यायची, मला पुसायची, आणि मी तिच्यासमोर फोनवर मुलीला विचारायची की बाळ लाथा मारतंय का. तिनं माझा हेवा केला असेल का? मी विचारलं नाही. मला विचारायचा अधिकार नव्हता.

"एस्तेर," मी म्हणाले, "माझ्या मनात तुझ्याबद्दल फार वाईट येतं."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "तोंडावर दिसतंय. चला, डोळं मिटा, भाकरी करपंल."

त्या दिवशी मी मोठ्यानं आमेन म्हटलं.

यजमान संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना देवाचा डबा आणि घनसाळाचा डबा खाटेजवळ आणायला सांगितला.

"डोस्कं फिरलंय काय? तुला ताकदीचं खा म्हणल्यात, आणि चांगला तांदूळ संपत आलाय."

"संपू दे."

पडल्या पडल्या मूठ घालून बघा एकदा. निम्मे दाणे गळ्यावर, निम्मे चादरीत. तीन दिवस मुंग्या. यजमान मुंग्या झाडताना जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी भात लावायच्या आधी डबे न सांगता खाटेजवळ आले.

आता तुम्हाला वाटेल की मग पाय सुधारला. नाही. पुढच्याच आठवड्यात डावा अंगठा हलायचा थांबला. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, म्हणाले, दोन आठवडे वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. ते गेले तेव्हा भाताची वेळ झाली होती. यजमान दोन्ही डबे हातात घेऊन उभे राहिले. माझा हात आखडला. मला पुन्हा तेच म्हणायचं होतं, आधी पाय दे. खूप वेळ गेला. सोळा वर्षं मागून काही न मिळताही एस्तेर हे कसं करते हे मला कळेना आणि तिचा इतका हेवा वाटला की शेवटी त्या हेव्यानंच मी मूठ उचलली. देवाला असली मूठ चालते की नाही मला माहीत नाही. त्याला द्यायला माझ्याकडे तेव्हा तेवढंच होतं.

अंगठा चौदाव्या दिवशी हलला. ऑपरेशन टळलं. यात मुठीचा काही संबंध आहे असं मी कुणाला सांगत नाही, आणि तुम्हीही ऐकू नका. गोळ्या चालू ठेवा.

पट्टा

तीन महिन्यांनी बसायची परवानगी मिळाली तेव्हा पाठीला पट्टा आला. लोखंडी पट्ट्या, जाड कापड, खांद्यावरून बंद. तो घातला की मी कपाटासारखी ताठ. उन्हाळ्यात आतून घामोळं फुटायचं, पण तो काढायला मी तयार नसायची. मुलीचं बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेही पट्टा घालून. एस्तेर शेजारीच होती. बाळ मी लगेच तिच्याकडे दिलं. मुद्दाम दिलं.

आणखी काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. सोबत एस्तेर होती, यजमानांना सुट्टी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. गोळ्या अजून आहेत, पण आता पट्टा नको. काढा इथंच."

मी काढला. पाठ इतकी उघडी वाटली की मी भिंतीला टेकले.

"टाकू नका," ते म्हणाले. "परत लागण्याची शक्यता कमी असते, पण असते."

मी मान हलवली. तो कपाटात कुठल्या कप्प्यात ठेवायचा तेही तिथंच ठरवलं.

बाहेर बाकावर एक बाई आडवी झाली होती. कुरुंदवाडहून आलेली, माझ्याच आजाराची, तीन महिने काढून आता बसायला लागलेली. नवरा तिचे तळपाय दाबत होता. माझ्या यजमानांनी माझं सगळं केलं, पण पाय कधी दाबले नाहीत. मला तिथंही हेवा वाटून गेला. मग तो उठून औषधांच्या खिडकीशी गेला, पट्ट्याची किंमत विचारली आणि परत येऊन तिच्याजवळ नुसता बसला. तिनं विचारलं, "किती?" तो म्हणाला, "बघू."

माझा पट्टा माझ्या मांडीवर होता. मी एस्तेरकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं असतं तर ते देणं तिचं झालं असतं. आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, त्यांनी बाईला बोलावून माप बघितलं, चालेल म्हणाले.

"पावणं, ह्यो घ्या," मी नवऱ्याला म्हणाले.

तो खिशाला हात लावत म्हणाला, "किती द्याचं?"

"काय न्हाय."

मी त्यांच्या आभारालासुद्धा थांबले नाही, कारण थांबले असते तर परत मागितला असता.

रिक्षात बसलो. पहिल्याच गतिरोधकाला मी सीटची कड घट्ट धरली.

"म्या त्यास्नी पैसं द्यावं म्हणत हुते," एस्तेर म्हणाली. "तुमी आदीच उठलासा."

मला आनंद झाला. एस्तेरच्या आधी मी दिलं होतं. देवाला हा आनंद आवडला नसणार, पण झाला तो झाला.

मग तिनं विचारलं, "आक्का, परत लागला तर वो?"

पाठीला वारा लागत होता आणि मला भीती वाटत होती, अगदी पहिल्या दिवसाइतकी. रिक्षावाल्याला मागे वळवायला सांगणं सोपं होतं, ती माणसं अजून बाकावरच असतील.

"सरळ घ्या," मी त्याला म्हणाले, आणि एस्तेरचा हात धरून घरी आले.